वाचक विचारतात : जुन्या चित्रांतली चिंता पडद्यावर कशी आणावी?

गेल्या अंकात चित्रकला आणि लघुपट यांच्या नात्यावर एक टिपण आम्ही छापले होते. अभिजात चित्रांचा आधार घेऊन मनातली चिंता आणि धास्ती दाखवू पाहणाऱ्या प्रायोगिक लघुपटांचा त्यात उल्लेख होता. त्यावर आलेली बहुतेक पत्रे मुंबई आणि आसपासच्या भागात स्वतः लघुपट करणाऱ्यांची आहेत, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रांचा मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : चाळीतल्या खोलीत रात्री एकटी जागणाऱ्या स्त्रीवर मी दहा मिनिटांचा लघुपट करते आहे. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची चित्रे समोर ठेवून, भिंतींना काळे कापड लावून, एकाच दिव्यावर चित्रीकरण केले. चौकट देखणी दिसते, पाहणारे वाहवा करतात, पण कोणालाही धास्ती वाटत नाही. नेमके काय राहून जाते आहे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पत्रासोबत पाठवलेली छायाचित्रे पाहिली. प्रकाशयोजना खरोखरच नेटकी आहे, आणि अडचणीचे मूळही तिथेच आहे, असे मला वाटते. काराव्हाज्जोच्या चित्रांमधला काळोख आपण घेतलात. पण त्या काळोखात उजेड कुठून येतो, कोणाबरोबर येतो आणि तो आल्यामुळे आतल्या माणसांचे काय होते, हे सारे चित्रातच राहून गेले.

रोममधल्या सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये त्याने १५९९-१६०० या काळात रंगवलेले ‘संत मॅथ्यूला पाचारण’ हे चित्र पुन्हा एकदा पाहा. करवसुली करणाऱ्या मॅथ्यूला ख्रिस्त आपला शिष्य व्हायला बोलावतो, तो हा प्रसंग. टेबलाभोवती पाच जण बसले आहेत, वसुलीचे पैसे मोजणे चालू आहे, आणि उजवीकडून ख्रिस्त आणि पीटर आत आले आहेत. चित्रात एक मोठी खिडकी आहे, पण तिच्यातून उजेड येत नाही. उजेड येतो तो चौकटीबाहेरून, वरच्या उजव्या बाजूने, ख्रिस्ताच्या डोक्यावरून तिरका उतरत टेबलापर्यंत. दाढीवाला माणूस बोट दाखवून जणू विचारतो आहे, ‘मी?’ (ते बोट त्याच्या स्वतःकडे आहे की शेजारच्या तरुणाकडे, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.) टेबलाच्या डाव्या टोकाचा तरुण मात्र मान खाली घालून नाणीच पाहतो आहे, काय घडले आहे, याचा त्याला पत्ताच नाही. शिवाय चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग नुसती भिंत आहे. सगळी माणसे खालच्या अर्ध्यात दाटलेली आहेत आणि त्यांच्या डोक्यावर ती रिकामी भिंत आहे.

या चित्रात उजेड म्हणजे कोणाचे तरी येणे आहे. आपल्या खोलीतला दिवा मात्र आधीपासून पेटलेला आहे आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. तो स्त्रीला उजळतो, तिच्यापाशी काहीही घेऊन येत नाही. भीतीला समोर काहीतरी असते, चिंतेचे कारण अजून यायचे असते. म्हणून चिंता दाखवणाऱ्या चौकटीत बाहेरची बाजू जागी असावी लागते. दाराच्या, खिडकीच्या, भिंतीच्या पलीकडून कधीही काही येऊ शकेल, अशी मांडणी हवी.

चाळीच्या खोलीत ही सोय आयतीच आहे. खोलीतला दिवा बंद करा आणि सामाईक गॅलरीतला बल्ब हाच एकमेव उजेड ठेवा. तो खिडकीच्या गजांतून आणि दारावरच्या झरोक्यातून आत येऊ द्या. गॅलरीतून कोणी गेले की आतल्या भिंतीवरचे गजांचे पट्टे एकेक करून विझतील आणि पुन्हा उजळतील. तीन-चार वेळा असे होऊ द्या. प्रेक्षक नकळत पावलांचा हिशोब मांडू लागेल, आणि मग एकदा पट्टे विझावेत आणि लवकर उजळू नयेत. बाहेर कोण थांबले आहे, हे दाखवण्याची गरज नाही. त्या वेळी स्त्री काय करते, एवढेच टिपा. ती दाराकडे न पाहता स्टोव्हवरच्या पातेल्याकडे पाहत राहिली, तर माझ्या मते अधिक चांगले.

आता थोडे तंत्राविषयी. दहा बाय बाराच्या खोलीत पांढऱ्या डिस्टेंपरच्या भिंती उजेड परत फेकतात, त्यामुळे काळे कापड लावण्याचा आपला निर्णय योग्यच होता. दिवा मात्र चेहऱ्याच्या जितका जवळ आणि मागची भिंत जितकी लांब, तितका काळोख दाट होतो. अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो, म्हणून दिव्यापासून चेहरा अर्ध्या मीटरवर आणि भिंत दोन मीटरवर असेल, तर भिंतीला सोळावा हिस्साच मिळतो. मोबाइलवर चित्रीकरण करत असाल, तर एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दोन्ही लॉक करा. नाहीतर उजेड कमी झाल्याबरोबर कॅमेरा स्वतःच चित्र उजळवतो, काळ्या भागात दाणे उठतात आणि सगळा परिणाम जातो.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. स्पॅनिश चित्रकार गोयाने आयुष्याच्या उतरणीला, १८२० ते १८२३ च्या सुमारास, माद्रिदजवळच्या आपल्या घराच्या भिंतींवर जी काळवंडलेली चित्रे रंगवली, त्यांतले कुत्र्याचे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. (भिंतींवरून कॅनव्हासवर उतरवलेली ही चित्रे आता प्रादो संग्रहालयात आहेत.) चित्र उभे आहे, सुमारे सव्वा मीटर उंच. खाली एक गडद तिरपा उतार, त्याच्या कडेवर कुत्र्याचे फक्त डोके, आणि वर पिवळसर मातकट रंगाचा प्रचंड मोकळा पट्टा. कुत्रा वर पाहतो आहे, आणि तो जिथे पाहतो तिथे काहीही नाही. तो बुडतो आहे की उताराआडून डोकावतो आहे, हेही ठरवता येत नाही. कॅमेऱ्यामागे उभे असताना आपल्याला माणूस मध्यभागी घेण्याची सवय असते. त्याऐवजी स्त्रीला चौकटीच्या अगदी खालच्या कडेला ठेवा, वर भिंत आणि छत राहू द्या, आणि तिची नजर त्या रिकामेपणाकडे जाऊ द्या. वीस सेकंद तसेच धरून ठेवल्यावर प्रेक्षकही तिथे काहीतरी शोधू लागतो.

आणि या साऱ्यापेक्षा मोलाची अशी एक गोष्ट आहे, जी चित्राला करता येत नाही आणि चित्रपटाला येते. चित्रातला उचललेला हात शतकानुशतके तसाच राहतो. तीच मुद्रा अभिनेत्रीला धरून ठेवायला सांगितली, तर मिनिटाभरात खांदा अवघडतो, मग बोटांची टोके हलू लागतात, आणि थोड्याच वेळात मनगट दिसेल इतके थरथरते. इटालियन दिग्दर्शक पासोलिनीने १९६३ च्या आपल्या एका छोट्या चित्रपटात पोन्तोर्मो आणि रोस्सो फियोरेन्तिनो यांची चित्रे जिवंत माणसांकडून उभी करून घेतली. त्या कलाकारांना मुद्रा टिकवता येत नाही, ती मोडत राहते. जुन्या चित्राची मुद्रा आणि जिवंत शरीर यांच्यात जो ताण उभा राहतो, तो आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. आपल्या नायिकेला एक मुद्रा द्या, कट न करता ती मोडेपर्यंत थांबा, आणि थरथर सुरू झाल्यावरचा भागच संकलनात ठेवा.

प्रश्न : चिंता, विषाद म्हटले की आपली मुले थेट युरोपकडे धावतात. आपल्या चित्रपरंपरेत हे काही नव्हतेच का? मी चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे, आणि हा प्रश्न मला मनापासून छळतो. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : सर, आपली तक्रार रास्त आहे. इतक्या जवळ असलेल्या चित्रांकडे आपण सहलीच्या नजरेने पाहतो, याचे मलाही वाईट वाटते.

अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात करवून घेतले. ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र त्यातच आहे. अभ्यासक तो प्रसंग नंदाची पत्नी सुंदरी हिचा मानतात. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला, तो क्षण. सुंदरीची मान कलली आहे, पापण्या जड झाल्या आहेत, एका सखीने तिला मागून सावरले आहे, आणि भोवतालच्या बाकीच्यांचे लक्ष तिच्यावर खिळले आहे. बातमी कोणी बोलून दाखवत नाही. सेवकाच्या हातातला मुकुट ती सांगतो. जे.जे. कलाविद्यालयाचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. याच चित्राविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे की, फ्लोरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन अधिक चांगले केले असते आणि व्हेनिसच्या चित्रकाराने रंग, पण यापेक्षा अधिक भाव दोघांपैकी कोणालाही आणता आला नसता.

लघुपट करणाऱ्याने या चित्रातून काय घ्यावे? माझ्या मते, पाहण्याचा क्रम. आपली नजर आधी सुंदरीवर जाते, मग सख्यांच्या चेहऱ्यांवर, आणि मुकुट घेतलेल्या माणसावर ती उशिरा पोहोचते. तिथे पोहोचल्यावर पुन्हा सुंदरीकडे यावे, तर ती आता वेगळी दिसते. हाच क्रम शॉटचा क्रम होऊ शकतो. किंवा तो उलटा करून पाहावा : प्रेक्षकाला मुकुट आधी दाखवायचा, आणि तिला तो दिसेपर्यंत ताटकळत ठेवायचे. या दुसऱ्या प्रकारात चिंता प्रेक्षकाच्या वाट्याला येते, आणि प्रायोगिक लघुपटात ती तिथेच यायला हवी, असे माझे मत आहे.

लघुचित्रांकडे वळलो, तर तिथे अस्वस्थतेला काळोखाची गरजच पडत नाही. प्रियकर वेळेवर आला नाही म्हणून रानाच्या कडेला पानांच्या शय्येपाशी वाट पाहणारी उत्का नायिका पहाडी चित्रकारांनी पुनःपुन्हा रंगवली. प्रसंग रात्रीचा असतो, पण चित्र अंधारे नसते. झाडाचे प्रत्येक पान, प्रत्येक फूल, पाण्याची प्रत्येक रेघ सारख्याच स्पष्टतेने काढलेली असते. सावल्या नाहीत, धूसर असे काही नाही, नजरेला विसावायला जागा नाही. ज्याने चिंतेची रात्र काढली आहे, त्याला हे लगेच ओळखू येईल. अशा रात्री घड्याळाची टिकटिक, नळाचा थेंब, शेजाऱ्याच्या चपला, सगळेच सारख्या मोठ्या आवाजात ऐकू येते. मन कशालाच मागे ढकलू शकत नाही. भरपूर उजेड, सगळे काही फोकसमध्ये आणि अतिस्पष्ट तपशील अशी चौकट करून पाहायला हवी. काळ्या कापडाच्या चौकटी आता पुष्कळ झाल्या.

भरताच्या नाट्यशास्त्रातही एक उपयोगी गोष्ट आहे. चिंता, शंका, त्रास, आवेग, जडता ही सगळी तिथे तेहतीस व्यभिचारी भावांत येतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या भावांत. दहा मिनिटे एकाच पट्टीत चाललेली चिंता कंटाळवाणी होते. शंकेतून चिंता, चिंतेतून आवेग, आवेग ओसरल्यावर जडता, आणि पुन्हा एखाद्या क्षुल्लक आवाजाने शंका, असा प्रवास लघुपटाला बांधून ठेवतो.

आणि आपल्याकडे हे कोणी केलेच नाही, असे नाही. मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’त बसचालक नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्यावर वाट पाहणारी स्त्री, एवढाच प्रसंग आहे. अमृता शेरगिल यांच्या चित्रांतल्या स्थिर, जड बसलेल्या स्त्रियांचा त्यावर उघड प्रभाव आहे. के. के. महाजन यांनी तो फक्त दोन भिंगांवर चित्रित केला, २८ मिलिमीटर आणि १३५ मिलिमीटर. पहिल्यात जवळचे-दूरचे सगळे स्पष्ट दिसते, दुसऱ्यात फोकसचा पट्टा इतका पातळ की, माणूस किंचित हलला तरी विरघळतो. भिंग बदलले की तिची वाट पाहण्याची जातच बदलते. सर, आपल्या माजी विद्यार्थ्यांना अजिंठ्याच्या चित्रासोबत हा चित्रपट दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : चित्रासारखा परिणाम हवा म्हणून मी सगळे स्लो मोशनमध्ये केले. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी मिळतात. पण पाहताना कंटाळा येतो, आणि उजेड सतत लुकलुकतो. (एक विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : लुकलुकण्याचे कारण सोपे आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. २४० चौकटी घेणारा कॅमेरा मात्र ते पकडतो. दिवसाच्या उजेडात किंवा बॅटरीवर चालणाऱ्या, न लुकलुकणाऱ्या एलईडीवर चित्रीकरण करा. इतक्या वेगाला शटर (एक चौकट टिपण्याचा वेळ) साधारण १/४८० सेकंद लागते, म्हणजे नेहमीच्या १/४८ च्या दहापट उजेड हवा, हेही धरून चाला. खिडकीतून येणारे दुपारचे ऊन आणि समोर थर्माकोलचा एक तक्ता, एवढ्यावर चांगले काम होते.

कंटाळ्याचे कारण वेगळे आहे. पोन्तोर्मोने १५२८ च्या सुमारास ‘भेट’ नावाचे एक चित्र रंगवले : दोन गर्भवती स्त्रिया एकमेकींना भेटत आहेत आणि मागे आणखी दोघी सरळ आपल्याकडे पाहत उभ्या आहेत. व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला यांनी १९९५ साली व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात दाखवलेली ‘द ग्रीटिंग’ ही कलाकृती या चित्रावरून सुचली. पंचेचाळीस सेकंदांचा प्रसंग त्यांनी सेकंदाला तीनशे चौकटींच्या वेगाने टिपला आणि सुमारे दहा मिनिटांपर्यंत ताणला. दोन स्त्रिया बोलत उभ्या आहेत, तिसरी येते, त्यांतल्या एकीला मिठी मारते, तिच्या कानाशी काही बोलते. दुसरीची ओळख व्हायला वेळ लागतो. नेहमीच्या वेगात आपल्या लक्षातही न येणारा तो परकेपणा इथे मिनिटांपर्यंत लांबतो. तिच्या चेहऱ्यावर हसू येते, थांबते, कुठे पाहावे हे तिला कळत नाही, आणि आपल्यालाही त्यातून सुटका मिळत नाही.

इथे कॅमेरा हलत नाही, मध्ये कट नाही, आणि मुख्य म्हणजे प्रसंगात बदल आहे. आपण बहुधा एक उदास, न बदलणारा चेहरा दहापट लांबवला असणार. लांबवल्याने त्यात नवे काही दिसणार नाही. सहा सेकंदांत जिथे मनाची स्थिती पालटते असा प्रसंग निवडा, उदाहरणार्थ फोन वाजणे, नाव पाहणे, न उचलता तो पालथा ठेवणे. २४० चौकटींचे ते सहा सेकंद २४ च्या वेगाने एक मिनिट होतील. बाकीचा लघुपट नेहमीच्या वेगात राहू द्या.

प्रश्न : चित्रे मुकी असतात. मग ध्वनी वापरावा की नाही? (एक वाचक, परळ)

उत्तर : वापरावा, संगीत मात्र टाळावे. व्हायोलिनचे लांबट सूर लावले की प्रेक्षकाला काय वाटायला हवे, हे आधीच सांगितले जाते. खोलीचा आवाज स्वतंत्रपणे टिपा : पंखा, फ्रीज, इमारतीचा पाण्याचा पंप. तो बराच वेळ चालू ठेवा आणि मध्येच एक आवाज बंद करा. कान त्या खंडाचे कारण शोधू लागतो, आणि नेमक्या त्या वेळी चौकट स्थिर असेल, तर चित्राकडे पाहण्याची एकाग्रता आपोआप वाढते.

प्रश्न : एका लघुपटात मला घाबरगुंडीचा झटका दाखवायचा आहे. दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून मी प्रत्येक टेकला जोरजोरात श्वास घेते. नंतर गरगरते, बोटांना मुंग्या येतात. हे खरेच आवश्यक आहे का? (एक अभिनेत्री, गोरेगाव)

उत्तर : मुळीच नाही, आणि कृपया ते थांबवा. गरज नसताना वेगाने आणि खोल श्वास घेत राहिल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरते, आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. चिंतेच्या झटक्यात रुग्णाला जे होते त्यातला हा एक भाग आहे. आपण तो टेकमागून टेक स्वतःवर ओढवून घेत आहात. शिवाय अभिनय म्हणूनही तो सर्वांत उघड मार्ग आहे.

जुन्या चित्रकारांना श्वासाचा आवाज उपलब्धच नव्हता, म्हणून त्यांनी शरीराचा बारकाईने अभ्यास केला. सिमोने मार्तिनी आणि लिप्पो मेम्मी यांनी १३३३ साली रंगवलेले ‘देवदूताची वार्ता’ हे चित्र फ्लोरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. देवदूत अचानक समोर आल्यावर ख्रिस्ताची आई मेरी दचकते. तिचे सगळे शरीर त्याच्यापासून वळून मागे सरकले आहे, एका हाताने तिने झगा गळ्यापाशी घट्ट ओढून धरला आहे, आणि दुसऱ्या हातातल्या पुस्तकात अंगठा अडकवून ठेवला आहे, वाचत होती ते पान सुटू नये म्हणून. भेदरलेल्या क्षणीही तो अंगठा पानात आहे, हे मला फार खरे वाटते. चिंतेत माणूस एखादी क्षुल्लक गोष्ट सोडत नाही. भाजीची पिशवी, किल्ली, अर्धवट घडी घातलेला टॉवेल, आपल्या भूमिकेला साजेशी अशी एक वस्तू शोधा. श्वास अगदी थोडा, वरच्या छातीतला ठेवा आणि बाकीचे काम हाताला करू द्या. धाप हवीच असेल, तर ती नंतर ध्वनिमुद्रणात एकदाच करता येते. दिग्दर्शकाला हे चित्र दाखवून बोला. समजूतदार असेल तर तो आनंदाने मान्य करील.

आपल्या पत्राच्या शेवटी आपण लिहिले आहे की, चित्रीकरण नसतानाही आता असे झटके येतात. त्याकडे भूमिकेचा परिणाम म्हणून पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि विनामूल्य आहे. आजच फोन करा.

प्रश्न : जुनी चित्रे जशीच्या तशी वापरली, तर स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो का? (एक वाचक, वसई)

उत्तर : आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. गोया, काराव्हाज्जो, पहाडी चित्रकार यांच्याबाबत प्रश्नच उरत नाही. अमृता शेरगिल १९४१ साली गेल्या, त्यामुळे त्यांची चित्रेही या मुदतीबाहेर आहेत. एखाद्या संग्रहालयाने काढलेले छायाचित्र वापरायचे असेल, तर मात्र त्या संग्रहालयाच्या अटी वाचा. अजिंठ्यासारख्या संरक्षित स्थळी चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

प्रश्न : पुस्तकांत आणि पडद्यावर चित्रे पाहून समाधान होत नाही. मुंबईत मूळ चित्रे कुठे पाहावीत? (एक विद्यार्थिनी, भायखळा)

उत्तर : सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून करा. तिथे लघुचित्रांचा उत्तम संग्रह आहे, ‘लौर-चंदा’ या प्रेमकथेच्या जुन्या पोथीची पाने आहेत, आणि टाटांच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रेही आहेत, त्यामुळे दोन्ही परंपरा एकाच फेरीत शेजारी शेजारी पाहता येतात. तिथून चालत पलीकडे गेले की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. चित्रपटाच्या बाजूसाठी पेडर रोडवर गुलशन महालात २०१९ साली सुरू झालेले राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय आहे.

मुंबईच्या चित्रकारांनी स्वतः कॅमेरा हाती घेतला होता, हेही जाणून घ्या. १९६९ नंतरच्या काही वर्षांत अकबर पदमसी यांनी नेहरू शिष्यवृत्तीच्या आधारे चित्रकार आणि चित्रपटकार यांना एकत्र आणणारी एक कार्यशाळा इथे चालवली होती. नलिनी मलानी यांचे सुरुवातीचे चित्रपट तिथलेच. तैयब मेहता यांनी १९७० साली ‘कूडल’ हा लघुपट केला. त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये आहेत. त्यांच्या कॅनव्हासवरचे बांधलेले बैल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा चित्रपट त्या चित्रांपासून वेगळा काढता येणार नाही.

संग्रहालयात जाताना एक वही घेऊन जा आणि एकच चित्र निवडा. त्याच्यासमोर अर्धा तास बसा, नजर कुठून निघाली, कुठे अडली, कुठे परत गेली आणि कशाकडे पाहायचे टाळले, हे क्रमाने लिहा. पुढच्या आठवड्यात तेच चित्र पुन्हा पाहा आणि नवा क्रम जुन्या क्रमाशेजारी लिहा. हे दोन्ही क्रम समोर ठेवून शॉटची पहिली यादी करा. त्यातला जो शॉट दोन्ही वेळा शेवटी आला असेल, तो चित्रीकरणाच्या दिवशी सर्वांत आधी घ्या, कारण त्यालाच वेळ सर्वांत जास्त लागणार आहे.